गणित कोणते घ्यावयाचे, आणि ते ठरवावयाचे कोणी?

दहावीचा निकाल लागतो, आणि शेजारीपाजारी पेढे पोहोचविण्याचे काम पुरे होण्याच्या आतच घराघरांत एक नवा प्रश्न उभा राहतो. अकरावीला कोणती शाखा घ्यावयाची, असे त्या प्रश्नाचे बाह्य स्वरूप असते. परंतु जरा खोलात शिरून पाहिले म्हणजे असे दिसते की, बहुतेक घरी खरा प्रश्न गणिताचा असतो. गणित ठेवावयाचे की सोडावयाचे. ठेवावयाचे तर विज्ञान शाखेचे की वाणिज्य शाखेचे. जीवशास्त्राबरोबर ते झेपेल काय. आणि सोडले तर पुढे कोणत्या वाटा बंद होतील? या साऱ्याचा निर्णय पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने, प्रवेशाच्या अर्जातील एका चौकटीत खूण करून, चार-सहा दिवसांत करावयाचा असतो. वधूवरांच्या पत्रिका जुळविताना आपल्याकडे याहून अधिक वेळ घेतला जातो. आणि हा निर्णय बहुधा दोन गोष्टींवर होतो: दहावीत पडलेले गुण आणि शेजारच्या मुलाने काय घेतले ही वार्ता. यापैकी दुसरी गोष्ट निरुपयोगी आहे हे सर्वांस कळते. पहिलीही फारशी उपयोगी नाही, हे थोड्यांच्या ध्यानात येते.

हा विषय अग्रलेखाच्या जागी घेण्यास आणखी एक निमित्त आहे. २०२४ मध्ये राज्याचा जो नवा शालेय अभ्यासक्रम आराखडा पुढे आला, त्यात दहावीच्या गणित व विज्ञान या विषयांसंबंधी एक तरतूद आहे. या विषयांत ३५ ऐवजी किमान २० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तीर्ण समजावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर असा शेरा असावा की, यापुढे गणित किंवा विज्ञान यांवर आधारलेल्या अभ्यासक्रमांस त्यास जाता येणार नाही. नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांकडे सरकत आहे. ही तरतूद प्रत्यक्षात येण्यापूर्वी तिचा विचार पालकवर्गाने आणि शिक्षकवर्गाने करावयास हवा. आल्यानंतर केवळ हळहळ उरेल.

तरतुदीमागील हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. गणितापायी शिक्षण तुटलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ज्या मुलाला उत्तम सुतारकाम येते, जी मुलगी गाण्यात किंवा भाषेत पारंगत आहे, तिला केवळ वर्तुळाचे प्रमेय सिद्ध करता आले नाही म्हणून 'नापास' हा शिक्का घेऊन घरी बसावयास लावणे हा निव्वळ अन्याय होय. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत, गणित हा विषय ऐच्छिक करता येईल काय, अशी विचारणा परीक्षामंडळांकडे केली होती, तीही याच कळकळीने. परंतु एका अन्यायाचे निवारण करताना दुसरा अन्याय जन्मास घातला जात नाही ना, हे पाहावे लागते. वीस गुणांवर पुढे जाऊ देणे ही दया झाली. पण त्याच कागदावर 'याने पुन्हा या दाराशी येऊ नये' असे लिहून ठेवणे, तेही पंधराव्या वर्षी, ही दया नव्हे.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ मध्ये लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने माध्यमिक शाळेतच मुलांच्या वाटा वेगळ्या कराव्यात असे सुचविले. वाङ्मयादी मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट आणि त्यांसाठी बहुउद्देशीय शाळा, अशी ती योजना होती. कल्पना आकर्षक होती. पण ज्याने चौदाव्या वर्षी गृहविज्ञान घेतले त्याला सतराव्या वर्षी रसायनशास्त्राचे दार उघडेना. मग १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने (आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे) नेमकी उलट शिफारस केली: पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना आवश्यक असावे, आणि फाटे त्यानंतर फुटावेत. महाराष्ट्राने १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा घेतली ती या विचाराच्या आधारावर.

त्यापूर्वीच्या अकरावी मॅट्रिकच्या काळात गणितात सोपा आणि अवघड असा पर्याय असे. आज ज्या स्त्रिया ऐंशीच्या घरात आहेत त्यांना विचारून पाहावे. त्यांपैकी अनेकींना सोपे गणित घ्यावयास लावले गेले. त्यांची बुद्धी कमी होती म्हणून नव्हे, तर 'मुलीला बीजगणित-भूमिती कशाला' या घरच्या आणि शाळेच्या एकमताने. पर्याय कागदावर मुलांच्या आवडीसाठी असतो आणि व्यवहारात तो घराच्या अपेक्षेनुसार वापरला जातो, हा त्यातला धडा. पुढे राज्य मंडळाने काही वर्षे 'सामान्य गणित' हा पर्याय पुन्हा दिला. २०१८ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला त्या सुमारास तोही गेला. आता पुन्हा वीस गुणांच्या रूपाने तीच गोष्ट मागील दाराने येत आहे. फरक एवढाच की सामान्य गणित घेणारा निदान काहीतरी वेगळे आणि पुरे शिकत होता. वीस गुणांचा धनी तेच गणित अर्धवट शिकणार आहे.

केंद्रीय मंडळाने हा पेच निराळ्या रीतीने सोडवून पाहिला. मार्च २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून तेथे गणिताच्या दोन पातळ्या आहेत: 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक'. अभ्यासक्रम एक, वर्ग एक, शिक्षक एक. निराळी असते ती फक्त शेवटची प्रश्नपत्रिका. बेसिक उत्तीर्ण झालेल्याने अकरावीस मुख्य गणित घेऊ नये असा मूळ नियम होता. पण मन बदलले तर पुरवणी परीक्षेच्या वेळी स्टँडर्डचा पेपर देण्याची मुभाही त्यातच होती. २०२० च्या साथीपासून तर मंडळाने ती अट वेळोवेळी सैल केली, आणि विद्यार्थ्याची कुवत पाहण्याचे काम मुख्याध्यापकांवर सोपविले. त्याच वर्षी अकरावीस 'उपयोजित गणित' असा एक स्वतंत्र विषय सुरू झाला, आणि बेसिकवाल्यांनाही तो खुला ठेवण्यात आला. नागपुरातील केंद्रीय मंडळाच्या शाळांत जाणाऱ्या मुलांना हे सारे उपलब्ध आहे. राज्य मंडळाच्या शाळेत, त्याच गल्लीत राहणाऱ्या मुलाला ते नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर विषय दोन पातळ्यांवर शिकवावेत आणि त्याचा आरंभ गणितापासून करावा अशी स्पष्ट सूचना आहे.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तरी हेच दिसते की, पातळ्या करणे सोपे आणि पातळ्यांमधील जिना बांधणे अवघड. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गणिताच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन श्रेणी आहेत; खालच्या श्रेणीत बसणाऱ्याला पाचाच्या वर गुणांक मिळूच शकत नाही. पण तेथे चारापेक्षा कमी मिळविणाऱ्याला गणितातून मोकळे करीत नाहीत. पुढील शिक्षणातही त्याला गणित चालू ठेवावे लागते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये वरच्या बीजगणिताऐवजी 'डेटा सायन्स'चा शालेय अभ्यासक्रम चालेल असे म्हटले आणि २०२३ मध्ये आपले शब्द मागे घेतले, कारण त्या सोप्या वाटेने गेलेली मुले पुढे विज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या वर्गात बसण्यास असमर्थ ठरतील अशी भीती प्राध्यापकांनीच व्यक्त केली. तेव्हा नाव नवे दिले म्हणून बीजगणित टळत नाही.

आता आपल्या नगरीकडे वळू. नागपूरची शैक्षणिक कल्पनाशक्ती पिढ्यान्‌पिढ्या दोन दारांभोवती घुटमळत राहिली आहे. एक दार मेडिकलचे. १९४७ मध्ये सुरू झालेले ते दार आज मेडिकल चौकात उभे आहे. दुसरे अभियांत्रिकीचे, १९४२ ची लक्ष्मीनारायण संस्था आणि १९६० चे विश्वेश्वरय्या महाविद्यालय, जे आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. त्यामुळे अकरावीस विज्ञान घेणाऱ्या मुलापुढे प्रश्न ठेवला जातो तो असा: जीवशास्त्र की गणित? जणू या दोन विद्या एकमेकींच्या सवती आहेत. शिकवणीवर्गांच्या सोयीसाठी ही विभागणी फार उपयुक्त आहे, हे सांगावयास नको. चारही विषय घेणारा विद्यार्थी त्यांच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून 'दोन्ही घेशील तर दोन्हीही जातील' असा सल्ला त्याला प्रवेशाच्या टेबलावरच मिळतो.

या सल्ल्याची किंमत किती, ते आकड्यांवरून कळावे. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. वैद्यकीय पदवीच्या जागा होत्या १ लाख १० हजारांच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे वीस उमेदवार. ज्याने गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवले त्याने एकोणीस जणांच्या रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवली पाहिजे. आणि या एकोणिसांपुढे पुढे काय उरते, याचा विचार बारावीच्या जूनमध्ये नव्हे, अकरावीच्या जूनमध्ये व्हावयास हवा. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या वाटा जीवशास्त्राच्या गटालाही राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतून खुल्या आहेत, ही गोष्ट खरी. परंतु अभियांत्रिकी मिटते. त्या परीक्षेच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, हे ज्यांना ठाऊक आहे ते उगाच आशा धरीत नाहीत. वास्तुरचनेचे दार अरुंद होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे भूदल राहते, पण नौदल आणि वायुदल जाते. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुणांचा गणिताचा पेपर तर सर्वांनाच चुकत नाही. २०२१ पासून या प्रबोधिनीच्या परीक्षेस मुलीही बसू लागल्या आहेत, तेव्हा हा हिशेब आता मुलींच्या पालकांनीही करावयाचा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची पदवी जाते. दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राची विशेष पदवी जाते. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी प्रवेशासाठी गणिताची सक्ती उठविल्याची वार्ता आली तेव्हा अनेक घरी आनंद झाला होता. परंतु लगेच खुलासे आले, प्रवेशपरीक्षा होत्या तशाच राहिल्या आणि पहिल्या सत्रातील गणिताचा पेपरही होता तसाच राहिला.

याहून खोल एक गोष्ट आहे. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणित सुटले, ही समजूतच मुळी चुकीची आहे. आणि विदर्भात राहणाऱ्या माणसास तर ती विशेष महाग पडते. कृषी पदवीचा विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच संख्याशास्त्रापुढे येऊन उभा राहतो. एकाच शेतात दोन वाण पेरले आणि एकाचे पीक अधिक आले, तर तो वाणाचा गुण की जमिनीच्या त्या तुकड्याचा? हा प्रश्न रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडातील रॉथमस्टेडच्या शेतांवर सोडविला, आणि त्यांची पद्धत भारतीय शेतीसाठी ज्यांनी बांधून दिली त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि कापसाचे संशोधक पानसे हे दोघे अग्रभागी होते. कृषी कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींवर या दोघांनी लिहिलेला ग्रंथ १९५४ मध्ये निघाला, आणि शेतकी महाविद्यालयांतून तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. नागपुरातील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आजही कोणताही वाण त्या हिशेबातून गेल्याखेरीज शेतकऱ्यापर्यंत जात नाही.

आणि हा हिशेब केवळ संशोधकांपुरता नाही. २०१६ पासूनच्या पीकविमा योजनेत शेतकऱ्यास भरपाई मिळावयाची की नाही, हे ठरविण्याचा मुख्य आधार पीककापणी प्रयोग हा राहिला आहे. मंडळातील काही निवडक शेतांत ठराविक मापाचा चौकोन आखतात, तेवढे पीक कापून वजन करतात, त्यावरून सरासरी उत्पादन काढतात आणि ते उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. चौकोन कोठे पडला, किती शेते घेतली, सरासरी कशी काढली, यांवर यवतमाळ-वर्ध्याच्या शेकडो घरांचे वर्ष अवलंबून असते. या प्रयोगाला उभा राहणारा कृषी सहायक, त्यावर आक्षेप घेणारा सरपंच, आणि त्याची बातमी लिहिणारा वार्ताहर या तिघांनाही 'नमुना' म्हणजे काय हे कळावयास हवे. ते ज्या गणितात शिकवितात ते गणित 'पुढे लागत नाही' म्हणून सोडले जाते, ही आपल्या प्रांताची शोकांतिका आहे.

वाणिज्य शाखेची कथा वेगळी नाही. तेथे पर्याय असतो तो चिटणिसाची कार्यपद्धती की गणित व संख्याशास्त्र असा. पहिल्या विषयात पाठांतराने गुण मिळतात अशी ख्याती असल्याने मुलांचा ओढा तिकडे. त्याच मुलांना पुढे सनदी लेखापाल व्हावयाचे असते! त्या परीक्षेच्या अगदी पहिल्या पायरीवर व्यावहारिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा १०० गुणांचा पेपर उभा आहे, ही गोष्ट प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. बारावी वाणिज्याच्या गणिताचे पुस्तक आम्ही मुद्दाम चाळून पाहिले. दलाली आणि बट्टा, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी, रेषीय नियोजन, कामांचे वाटप: दुकानदारापासून जिल्हा परिषदेच्या हिशेबनिसापर्यंत कोणालाही उपयोगी पडावे असे हे पुस्तक आहे. विज्ञान शाखेचे गणित सदिश आणि प्रतलांच्या वाटेने जाते, तर हे बाजाराच्या आणि लोकसंख्येच्या वाटेने. एक वरचे आणि दुसरे खालचे असा भेद आम्हांस त्यात दिसला नाही. ज्याला अर्थशास्त्र, समाजशास्त्र, पत्रकारिता किंवा प्रशासन यांकडे जावयाचे आहे त्याला हेच गणित अधिक सोयीचे.

मग कला शाखेतील मुलांनी काय करावे? नियमाप्रमाणे कला शाखेतही गणित घेता येते. ते शिकविणारी कला महाविद्यालये मात्र शोधावी लागतात. आणि 'आर्ट्सला गेलो, गणितातून सुटलो' असे मानणारा तरुण पाच वर्षांनी सीताबर्डीच्या किंवा धंतोलीच्या एखाद्या अभ्यासिकेत सापडतो, स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडून. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील दुसऱ्या पेपरात ३३ टक्के मिळविल्याखेरीज पहिल्या पेपराची तपासणीही कामाची ठरत नाही, आणि त्या दुसऱ्या पेपरात दहावीच्या पातळीचे अंकगणित असते. बँकांच्या परीक्षांत ते असते. विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेतही एक दशांशाच्या आसपास प्रश्न आकडेमोडीचे असतात. गणिताला सोडता येते; गणित आपल्याला सोडते असे नाही.

इतके लिहिल्यावर वाचक असा समज करून घेतील की, आम्ही सरसकट साऱ्या मुलांवर गणित लादू पाहत आहोत. तसे नाही. आम्ही स्वतः वाङ्मयाचे विद्यार्थी, आणि वृत्तपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत मराठी शिकविलेले. गणिताची वकिली करण्यात आमचा काडीचा स्वार्थ नाही. शिक्षकांच्या खोलीत बसून जे पाहिले त्यावरून एवढे मात्र सांगता येते की, दहावीचे गुण हे गणिताच्या कलाचे विश्वसनीय माप नव्हे. बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेच्या हाती असलेले २०. या शंभरांत चांगला सराव केलेला विद्यार्थी नव्वदाच्या पुढे जातो, आणि अकरावीत फलन, मर्यादा, संमिश्र संख्या समोर आल्या की दिवाळीपर्यंत गोंधळून जातो. त्याच वेळी सत्तर-बहात्तरवर थांबलेली एखादी मुलगी न सुटलेले उदाहरण घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. बापाने पाहावयाचे ते हे: उत्तर न आल्यावर मूल काय करते? वही मिटते, उत्तराच्या पानाकडे धावते, की थोडा वेळ तसेच बसून राहते? बसून राहणाऱ्या मुलास गणित द्यावे. त्याचे गुण कितीही असोत.

ज्याचे अजून काहीच ठरलेले नाही, आणि पंधराव्या वर्षी ठरलेले नसणे हेच स्वाभाविक होय, त्याने गणित ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गणित ठेवून नंतर सोडता येते. सोडून नंतर धरणे फार अवघड असते. जीवशास्त्राची खरी ओढ असलेल्याने चारही विषयांचा भार एक सहामाही पेलून पाहावा. वाणिज्य घेणाऱ्याने, पाठांतराच्या मोहात न पडता, तेथील गणित घ्यावे. आणि ज्याला आकडे पाहताच खरोखर घाम फुटतो, ज्याच्या बाबतीत वैद्यकीय तपासणीने अध्ययन-अक्षमता दिसून आली आहे, त्याला घरच्यांनी निर्भयपणे मोकळे करावे. अशा मुलांसाठी खालच्या इयत्तेच्या अंकगणिताची सवलत मंडळ पूर्वीपासून देत आले आहे. ती घेण्यात कमीपणा कसला? चष्मा लावण्यात असतो का?

यापलीकडे एक वाट अशी आहे की जी शेकडो घरांना ठाऊकच नाही. बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी 'तुरळक विषय' म्हणून राहिलेला एखादा विषय घेऊन मंडळाच्या परीक्षेस बसू शकतो. ज्याने जीवशास्त्र गटातून बारावी केली आणि ज्याचे मन नंतर बदलले, त्याला गणिताकडे परतण्याचा हा मार्ग आहे. वैद्यकीय क्षेत्राने तर २०२३ मध्ये उलट बाजूचे दार उघडले: बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यासही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केले. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला अठराव्या वर्षानंतरही वाट बदलता येत असेल, तर वीस गुणांच्या मुलाने मात्र पंधराव्या वर्षीच कायमचा निरोप घ्यावा, यात तर्क कोणता?

म्हणून शासनाकडे आमचे मागणे असे आहे. वीस गुणांची तरतूद अमलात आणावयाचीच असेल तर तो शेरा कालबद्ध असावा. ज्याला पुढे उमज पडेल त्याला केवळ गणिताचा पेपर पुन्हा देऊन, एका पूरक अभ्यासक्रमानंतर, तो शेरा पुसून घेता आला पाहिजे, आणि ही सोय गुणपत्रिकेवर शेऱ्याच्या खालीच छापलेली असावी. दुसरे असे की, 'सामान्य गणित' बंद करून आपण जी जागा रिकामी केली ती पुन्हा भरावी. दहावीस दोन पातळ्या आणि अकरावीस कोणत्याही शाखेला घेता येईल असे एक व्यवहाराचे गणित. पुस्तक नव्याने लिहिण्याचीही गरज नाही. वाणिज्य शाखेचे आहेच. दहावीच्या आजच्या पुस्तकातही 'अर्थनियोजन' या प्रकरणात वस्तू व सेवा कर, भाग आणि म्युच्युअल फंड यांचे हिशेब आले आहेत, म्हणजे दृष्टी बदलू लागली आहे, हे मान्य करावयास हवे.

अडचण आहे ती शिक्षकांची, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. दोन पातळ्यांसाठी दोन प्रश्नपत्रिका काढणे सोपे. पण गडचिरोलीच्या एखाद्या शाळेत, जेथे गणिताचा एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळतो, तेथे मुलगा खालच्या पातळीवर जातो तो कुवतीमुळे की शिक्षकाच्या अभावामुळे, हे कोण तपासणार? ज्या शाळेत गणिताचा पात्र शिक्षक नाही त्या शाळेतील मुलास खालची पातळी 'निवडली' असे म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. शिक्षकांच्या रिक्त जागा भरल्याखेरीज पर्यायांची भाषा ग्रामीण विदर्भात पोकळ ठरेल, आणि शहरात ती फक्त शिकवणीवर्गांच्या जाहिरातीत शोभेल.

एक गोष्ट मात्र शासनाच्या आदेशाची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. नागपूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होऊ लागले आहेत. अर्जाची चौकट आता गावोगावी तीच आहे आणि ती भरण्याची घाईही तीच. ही घाई सुरू होण्यापूर्वी, नववीच्या पालकसभेत, दिवाळीच्या सुट्टीच्या आत, एका पानाचे पत्रक प्रत्येक घरी जावे. गणित सोडल्यास कोणते अभ्यासक्रम बंद होतात, कोणते उघडे राहतात, विज्ञान आणि वाणिज्य यांच्या गणितात काय काय आहे, आणि 'तुरळक विषय' म्हणून परत येण्याचा अर्ज कोठे मिळतो, एवढेच त्यावर असावे. मराठीत असावे आणि त्याच्या खाली कोणत्याही शिकवणीवर्गाचे नाव नसावे.